रबराला चरबी

भिंगारमधल्या भिस्त्याची पाणी वाहायची कातडी पखाल गळायला लागली की तो नाव नूरुद्दीनचं घ्यायचा, पण पखाल आणून टाकायचा त्याच्या बायकोच्या, मुमताजच्या पुढ्यात. कातडं आणणं, भिजवणं नूरुद्दीनचं, टाका मुमताजचा. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात कातडं टोचायची आरी दिली, ती पंचवीस वर्षं हातात राहिली. पखाल पाण्याने भरायची, बाहेरून कोरडी राख भुरभुरायची. राख जिथे भिजून काळी पडेल तिथे गळती. मग मेण लावलेल्या दोऱ्याने बारीक टाके आणि वर चरबी चोळायची, म्हणजे टाक्यांची भोकंही बुजतात. मुमताजने शिवलेली पखाल गळत नाही, हे शेजारणी भांडतानाही मान्य करत. तिला मूल नव्हतं. घरात तिचं म्हणावं असं हेच एक होतं.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराची, अजीजची बायको म्हणून जहिरा आली. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटतो म्हणून अजीज एक भाकरी जास्त खातो, नूरुद्दीनही आता चहा तिच्याच हातचा मागतो, इथपर्यंत मुमताजने सोसलं. आरीला मात्र तिने जहिराचा हात लागू दिला नाही.

जर्मनची लढाई संपून वर्ष झालं होतं. एका सोमवारी छावणीतल्या साहेबाचा कारभारी नावाचा ड्रायव्हर दोन लांबट काळ्या पिशव्या घेऊन आला.

"साहेबानं बिनइंजिनाचं इमान आनलंय, भाभी. जीपला बांधून वर सोडत्यात. वाऱ्यात वजन पायजे म्हनून दोनी पंखांत या पिशव्या, पान्यानं भरलेल्या. उतरायच्या आधी पानी सोडून द्यायचं. पन या वरच जायच्या आधी गळत्यात."

मुमताजने पिशवी मांडीवर घेतली. कापडावर रबर चढवलेलं होतं. जोडावरून पाणी झिरपत असणार, हे तिने बोटानेच ओळखलं.

"पखालच की ही. गुरुवारी ये."

चुलीपाशी बसलेली जहिरा म्हणाली, "भाभी, रबराला सुई नको. चरबी तर नकोच. अब्बांच्या सायकलच्या दुकानात—"

"तुझ्या माहेरी कर्जतला पखाली शिवतात का सायकलच्या दुकानात?"

"तसं नाही भाभी. तेलातुपाने रबर सडतं."

नूरुद्दीनने दोघींकडे पाहिलं. "एक तू कर, एक दुल्हनला करू दे," तो म्हणाला आणि बिडी पेटवून बाहेर गेला.

पंचवीस वर्षांत त्याने काम असं वाटलं नव्हतं. मुमताज त्या दिवशी जेवली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, दात दुखतोय.

जहिराने अजीजकडून पंक्चरच्या सोल्यूशनची नळी आणि सायकलची जुनी ट्यूब मागवली. जोड काचकागदाने घासला, पट्ट्या कापल्या, चिकटवून वर पाटा ठेवला. मुमताजने नेहमीसारखे टाके घातले आणि नेहमीपेक्षा दुप्पट चरबी चोळली. जहिरा बघत असताना जास्तच. संध्याकाळी दोन्ही पिशव्या भरून राख टाकली. दोन्ही कोरड्या.

"सडलं का रबर?" मुमताजने विचारलं.

"नाही, भाभी."

"शेजारी सांगून ये मग."

त्या रात्री तिला छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी पिशवीची घडी घालताना तिचं बोट जोडाला चिकटलं. रबर फुगलं होतं, गुळासारखं मऊ झालं होतं, टाक्यांची भोकं रुंदावली होती. तिने आजूबाजूला पाहिलं. जहिरा आडावर गेली होती. मुमताजने चिकट जागेवर मूठभर राख चोळली, वरून फडकं फिरवलं आणि बिघडलेली बाजू आत घेऊन घडी घातली. एक दिवस तर काढेल. गळालीच तर कोणाची गळाली हे छावणीत कोण विचारणार? नाहीतरी रबराचं डोकं जहिराचंच होतं; बोल तिलाच लागला असता.

कारभारी आला तो हसतच. "उद्या साहेब मलाच मागं बसवनार हाय. आमची कडूबाई म्हनती, जाताना मंगळसूत्र काढूनच ठिवू का?"

"भीती नाही वाटत?" नूरुद्दीनने विचारलं.

"वाटती की. साहेब म्हनला, एका पंखातलं पानी गळालं आन दुसऱ्यातलं ऱ्हायलं, की इमान एका अंगावर कलंडतं. म्या म्हनलं, पिशवी मुमताजभाभीची हाय, काळजी नगं."

त्याने पिशव्या काखेत मारल्या. जहिरा घागर घेऊन दारात आली आणि त्याला वाट द्यायला बाजूला सरकली.

"कारभारी, ठेव ती," मुमताज म्हणाली. "वरची ठेव. ती बिघडलीय."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते. मीच बिघडवलीय."

जहिराने घागर उतरवली, घडी उलगडली. राखेखालचं चिकट रबर तिला दिसलं, राख कोणाच्या हाताची हेही कळलं. ती फक्त म्हणाली, "एवढं कापून टाकावं लागेल, भाभी. नवा तुकडा लावते. दुपारपर्यंत होईल."

मुमताजने पिशवी ताणून धरली, जहिराने कापली. नूरुद्दीन शेजारी उकिडवा बसून बघत होता. पट्टी बसली तेव्हा तो म्हणाला, "वा दुल्हन, हात साफ आहे तुझा."

मुमताजची बोटं पिशवीवर आवळली.

"सोल्यूशन फार वाया घालवते," ती म्हणाली.

शुक्रवारी सगळी गल्ली विमान बघायला माळावर गेली. मुमताज घरी राहिली; दात दुखतोय म्हणाली. कारभारी धडधाकट उतरल्याचं तिला अजीजने येऊन सांगितलं. जहिराच्या पिशव्यांतलं पाणी दोन्ही पंखांतून कसं एकसारखं सुटलं, हेही सांगितलं, न विचारता. ती पखालीवर टाके घालत राहिली.

पुढे भिंगारात रबराची कामं वाढली. छावणीतल्या गरम पाण्याच्या पिशव्या, नळ्या, बूट. गिऱ्हाईक दारात आलं की मुमताज आधी हात लावून बघे. कातडं असलं तर ठेवून घेई. रबर असलं की मान वर न करता म्हणे, "आत जा. ते काम तिचं."

जहिराचं नाव मात्र तिने गिऱ्हाइकासमोर कधी घेतलं नाही.