भिंगाखालची नाणी

२०१४ साली कोलोनमध्ये मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत सुट्टी नाणी देऊन पाव घ्यायचो. माझ्या मागे एक म्हातारा असायचा. मी दिलेली नाणी तो काउंटरवरच्या बाईकडून लगेच बदलून घ्यायचा आणि भिंगाखाली उलटसुलट करून बघायचा. परदेशी माणसाची नाणी याला खोटी वाटतात की काय? एके दिवशी डोकंच फिरलं, तोंडावर विचारलं.

“नाइन, नाइन! तसं नाही हो, मी टांकसाळीत तपासनीस होतो,” तो ओशाळून म्हणाला. “ही उठलेली रेघ बघा. साचा तडकलेला होता. माझ्या नजरेतून सुटलेली अशी नाणी शोधतोय.”

मी कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो. त्या दिवसापासून रस्ता ओलांडताना समोरची गाडी थांबेल, यावर माझा विश्वास बसत नाही.