आत्याबाईची तोतया बहीण

देवाची भांडी अर्धी घासून झाली होती. तांब्या-पळी लखलखीत, समई अजून काळीच, आणि माझे हात चिंचेने बरबटलेले. घटस्थापना उद्यावर आलेली. तेवढ्यात शेजारची पुष्पलता दारात उभी.

"वहिनी, समई राहू द्या. शोभाताई घरी येऊन बसल्या माह्या. त्यांच्या तोंडाले मी एकटी नाही पुरत."

हुडकेश्वरात आमची भिंतीला भिंत. पुष्पलता तिखट करून विकते. मिरची तिच्या माहेरची, भिवापूरची. ती गच्चीवर वाळते, खालच्या खोलीत दळली जाते. चक्की सुरू झाली की सगळी गल्ली शिंकते, ही मात्र शेजारी बसून गजानन महाराजांचं नाव घेत असते. पुडीवर तिच्या सख्ख्या आत्याचा फोटो, कपाळभर कुंकू आणि डोळे वटारलेले. नाव 'आत्याबाई तिखट'. तिच्या नवऱ्याने म्हटलं होतं, "हसरा फोटो नव्हता काय वं?" तर म्हणाली, "आत्याले हसताना कोणी पाह्यलं असंन तं आणून द्या."

शोभाताई आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. नवरात्रातल्या महाप्रसादाला तिखट कोणाचं, ते त्याच ठरवतात. दरवर्षी पुष्पलतेचंच असतं. तिथून नाव कटलं की सगळ्या हुडकेश्वरातून कटलं समजा.

गेले तर टेबलावर लालभडक पाण्याचा ग्लास, बाजूला फोडलेली पुडी.

"पाह्य वं! पाण्यात टाकलं तं होळी झाली," शोभाताई कडाडल्या. "भाजी लाल, नातवाची जीभ लाल, अन् तिखटाचा पत्ता नाही. देवीले रंग खाऊ घालू काय?"

पुष्पलतेने पुडी उलटसुलट पाहिली. आत्या तीच, कुंकू तेच, फोन नंबरसुद्धा हिचाच. दळल्याची तारीख मात्र पितृपक्षातली.

"शोभाताई, पितृपक्षात मी चक्कीले हात लावत नाही. सासूबाईंचा नेम होय. माह्यापाशी माल नव्हता, म्हणून तं तुम्ही ही दुकानातून आणली नं?"

"तारीख काय, कोणीही ठोकते."

मी म्हटलं, "अहो, या पंधरवड्यात गल्लीत कोणी शिंकलं तरी काय?"

"शिंक का पुरावा होय? काहून मधात बोलून राहिली तू?"

पुष्पलतेचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"आत्याबाई तिखट का? मी मौद्याहून गणपतराव, किराणावाला. तुमचा व्हॅनवाला माणूस फोन उचलून नाही राहिला, म्हणून पुडीवरचा नंबर लावला. माल संपत आला. अन् रंग जरा कमी टाका नं बाई, गिऱ्हाइकाचे हात लाल होऊन राहिले!"

चोराने आत्या उचलली, कुंकू उचललं, आणि त्या भरात फोन नंबरही उचलला होता!

पुष्पलतेने पदराने नाक पुसलं. आवाज एकदम गोड. "भाऊ, तो माणूस परत कधी येते?"

"शुक्रवारी येतो म्हणे. पण तुम्ही कोण बोलून राहिल्या?"

"पुडीवरच्या आत्याची भाची. माह्याकडे व्हॅन नाही अन् माल पोचवणारा माणूसही नाही. तुम्हाले नकली माल देला त्यानं."

पलीकडे पुडी कुरकुरली. मग, "अरे बाप रे! ते डोळे पाहून मले वाटलंच नाही कोणी यांची नक्कल करीन म्हणून."

"उरलेल्या पुड्या विकू नका. त्याले काही सांगूही नका. शुक्रवारी मी येते, पोलीस घेऊन."

शोभाताईंनी ग्लास उचलला आणि स्वतः मोरीत रिकामा केला. पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाल्या, "महाप्रसादाचं तिखट तुहंच. पण दळताना मी चक्कीपाशी बसीन."

"बसा नं. रुमाल मोठा आणजा."

तक्रारीला 'आत्याबाई तिखट' या नावाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. ते कुठे, तर देवघरात, देवांच्या रांगेत! ते हाती आलं त्या दिवसापासून पुष्पलतेने त्याला रोज हळदकुंकू वाहिलेलं. आत्याबाईंचं नाव दिसत होतं, सरकारी शिक्का मात्र कुंकवाखाली गडप.

"हा पोलिसाले कसा दाखवशीन वं?" शोभाताई हसायला लागल्या, आणि त्यांच्यामागे आम्हीही.

कापसाने हलक्या हाताने पुसून शिक्का वर काढला. आता पुष्पलता झेरॉक्स काढायला चौकात गेली आहे. तिथून तिला पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची आहे.