थोडी जमीन देऊन टाका

मलिंगारला आमच्या आयरिश हॉस्पिटलच्या वॉर्डात एक युक्रेनियन बाई हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागली. चादरी बदलायची, म्हाताऱ्या पेशंटना भरवायची. महिनाभराने कळलं, की तिच्या देशात ती बालरोगतज्ज्ञ होती आणि इथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा पास होईपर्यंत हे काम करत होती. नागपूरहून आल्यावर मीही तीच परीक्षा दिलेली. माझी पुस्तकं मी तिला नेऊन दिली आणि मग ब्रेकमध्ये आमचा चहा एकत्र व्हायला लागला.

तिचं पहिलं घर डोनेत्स्कला. तिथे २०१४ साली बंदूकवाले आले तेव्हा ती आईला घेऊन मारियुपोलला निघून गेली. हिवाळ्याचे कपडेसुद्धा घेतले नाहीत, कारण जो तो म्हणत होता, थंडी यायच्या आत सगळं मिटेल. जगाने निषेध केला, थोडे निर्बंध घातले आणि जग पुन्हा आपल्या व्यापाराला लागलं. तिने मारियुपोलला नवीन संसार मांडला. आठ वर्षांनी रणगाडे तिथेही आले.

आणि हे सगळं ऐकून मी तिला काय विचारावं? "तेवढा भाग देऊन टाकला असता तर एवढी माणसं वाचली नसती का?"

"तेवढा भाग त्यांच्याकडेच होता," ती म्हणाली. "आठ वर्षं." कप विसळून ती वॉर्डात गेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर काही महिन्यांनी मेनूथला नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मित्राने रविवारी दुपारी मिसळीला बोलावलं. मी तिलाही घेऊन गेले. तो पुण्याचा, एका टेक कंपनीत आहे. माणूस खरंच प्रेमळ. तिच्यासाठी त्याने मुद्दाम वेगळा, बिनतिखटाचा रस्सा केला होता. तिच्यामुळे सगळे इंग्रजीत बोलत होते. युद्धाची बातमी निघाली आणि तो एकदम मराठीत आला.

"वहिनी, हिला वाईट वाटेल म्हणून मराठीत बोलतो. पण प्रॅक्टिकली, युक्रेनने थोडी जमीन देऊन टाकावी आणि विषय संपवावा. जगाला किती दिवस वेठीला धरायचं?"

ती समोर बसून हसतमुखाने पाव खात होती. माझं डोकंच फिरलं.

"वेठीला कोण धरतंय? दहावीला दुसऱ्या महायुद्धाची कारणं लिहिली होतीत ना तुम्ही? हुकूमशहाला एक प्रांत दिला, मग दुसरा दिला, तरी शेवटी काय झालं?"

"अहो, ते मार्कांसाठी!" तो हसला. बाकीचेही हसले. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाने ते उत्तर पाठ केलं होतं.

"एकाला जमीन पचली, की दुसरे हुकूमशहा बघतच असतात," मी म्हटलं. "त्यांच्याही शेजारी एखादा लहान देश असतोच. आज कुणी अडवलं नाही तर उद्या सगळ्यांनाच एकदम युद्धात उतरावं लागेल."

"आपण न्यूट्रल देशात राहतो, वहिनी. इथे सगळं ग्रँड आहे, एकदम झकास."

"तुमची कंपनी ज्या इंटरनेट केबलवर चालते ती इथल्याच समुद्राच्या तळाशी आहे. तिच्या आसपास परकी जहाजं घुटमळतात, ही बातमी तुम्ही वाचत नाही का?"

माझा आवाज चढला होता. माझी मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत पुटपुटली, "मम्मी, स्टॉप."

"कशाबद्दल चाललंय?" माझ्या मैत्रिणीने इंग्रजीत विचारलं.

"मिसळीबद्दल," तो पटकन म्हणाला. सगळे पुन्हा हसले आणि बोलणं दिवाळीच्या कार्यक्रमाच्या हॉलवर गेलं. खरं काय ते मी तिथेच सांगायला हवं होतं. मी गप्प बसले.

परतताना गाडीत तिने विचारलं, "माझ्या देशाचं नाव ऐकू आलं. काय म्हणत होते ते?"

मी त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

"त्यांनी क्रिमिया घेतला ना, तेव्हा आमच्या डोनेत्स्कमध्ये लोक हेच म्हणायचे," ती म्हणाली. "देऊन टाका, विषय संपवा. मीसुद्धा म्हणाले होते."



पुढे ती परीक्षा पास झाली. आता ट्रलीला लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहे, आईही तिच्यासोबत आहे. मधूनमधून फोन येतो. मेनूथला आम्ही त्यानंतर दोनदा जाऊन आलो. पुन्हा तेच प्रेम, तोच आग्रह. युद्धाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. बातम्यांमध्ये मात्र तो हुकूमशहा रोज एकेक गाव पुढे सरकतोय. त्या हसणाऱ्या माणसांपेक्षा मला माझ्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.