दमाचं मांस

अकोल्याच्या रस्त्यावर तो बरीच वर्षे डाकेची थैली घेऊन धावत असे. माझ्या ओसरीवरून तो रोज दिसे. चार कोस धावून आला तरी बोलताना त्याला धाप लागत नसे. काहीही विचारले की तो आधी "जी" म्हणे, मग उत्तर देई. आगगाडी आली, डाक तिच्यातून जाऊ लागली आणि त्याचे काम सुटले. कापसाचा बाजार तेजीत होता, म्हणून तो तिथे गठाणी उचलायच्या हमालीला आला.

पहिल्याच गठाणीखाली त्याचे गुडघे वाकले. दुसऱ्यांदाही तेच झाले. हमालांचा मुकादम जुना पहिलवान होता. त्याने डाकवाल्याची पोटरी दाबून पाहिली.

"मांस दोन जातीचं असते, काका. एक झटक्याचं, एक दमाचं. तुमचं सारं दमाचं हाये. इथं झटका लागते."

"जी. मंग मले अर्धी गठाण द्या. दिवस बुडेपर्यंत वाहतो, बसत नाही. दुसरं काम मले येत नाही."

"अर्धी गठाण कोन बांधते, काका?"

रांगेतले हमाल हसले. मुकादम हसला नाही.

"जी," तो म्हणाला. डोक्यावरची चुंबळ काढून त्याने ती मागच्या माणसाच्या हातात दिली आणि बाजूला सरून त्याला गठाणीपर्यंत वाट करून दिली.