सुरगाण्यात मी मेलो, त्याची गोष्ट

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतो. एका रविवारी सकाळी आम्ही सहाजण नाशिकच्या द्वारका चौकातून जीप करून सुरगाण्याकडे निघालो… जग संपवायला.

गॅदरिंगसाठी मी सिनेमा काढत होतो. जगबुडी झालीय, अख्खं नाशिक वाहून गेलंय, पाचच माणसं उरलीत… लेखक, दिग्दर्शक, हिरो सगळं मीच. मामाचा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, आणि बाबांची सातपूरच्या कंपनीतली डांगरी न् हेल्मेट.

असले इंग्रजी सिनेमे तेव्हा हिंदीत डब होऊन यायचे. त्यात एक गोष्ट ठरलेली… गोरा हिरो वाचतो, आणि जंगलातलं एखादं काळंसावळं माणूस त्याला रस्ता दाखवून तिसऱ्या सीनला मरतं. मीही इमानदारीत तसंच लिहिलं.

मरायचा रोल यमुनाला दिला, कारण ती सुरगाण्याची, आदिवासी. वर्गात पहिली यायची, पण माझ्या सिनेमात तिला एकच वाक्य होतं. "तिकडं पाणी." मग तिला साप चावतो. ती नुसती हसली आणि हो म्हणाली.

शूटिंग तिच्या गावामागच्या ओढ्याकाठी होतं. पहिला सीन, हिरो शेकोटी पेटवतो. एक काडेपेटी संपली… दुसरी संपली… धूर एवढा झाला की कॅमेऱ्याला हिरो दिसेना. शेवटी यमुनानं दोन मिनिटांत जाळ करून दिला आणि ती फ्रेमबाहेर गेली. मी गंभीर चेहऱ्यानं हात शेकले.

मग तिचा मरायचा सीन. ती आडवी झाली, मी "नाहीऽऽ" असा टाहो फोडला… आणि मागून माझ्याहून मोठा आवाज आला. यमुनाची आई आमचं जेवण घेऊन आली होती. डोक्यावरची पाटी सावरत ती धावत आली, पण एक भाकरी पडली नाही.

"मावशी, खोटं आहे. सिनेमा आहे," मी म्हणालो.

"खोटं पण नाय मरायचं! ऊठ गं तू. आन् हीच का मरं? तुम्ही का नाय?"

मी कथा समजावून सांगितली. तिनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"जाळ तुमाला करता येत नाय. रानातली भाजी वळखता येती का? नाय ना? मग ही मेली तं तुम्ही दोन दिस तरी जगाल का?"

आमचा कॅमेरावालाच आधी हसला, फितूर मेला!

"आधी जेवा," मावशी म्हणाली, "मंग कोणाला मरायचं ते मरा."

जेवण झालं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि बॅटरी एकच होती. यमुना शांतपणे म्हणाली, "स्टोरीला एकजण मेला पाहिजे ना? तू मर."

मला राग आला. खरंच आला… कथा माझी, कॅमेरा माझ्या मामाचा. पण दोन काडेपेट्या मीच संपवल्या होत्या. हेल्मेटसकट पालथा पडलो आणि मेलो. साप खोटा होता, मुंग्या खऱ्या होत्या.

तिथून पुढे सिनेमा यमुनानं चालवला. पाणी तिनंच शोधलं, बाकीच्या तिघांना तिनंच जगवलं, आणि डायलॉग तिच्या घरच्या बोलीत जागेवरच बनवले.

गॅदरिंगला मी मेलो तेव्हा लोक हसले. पण यमुना बोलायला लागली आणि मागच्या रांगेतली पेठ-सुरगाण्याची पोरं बाकावर उभी राहिली… शिट्ट्या थांबेनात. इतकी वर्षं आमच्याशेजारी बसून ही पोरं प्रत्येक सिनेमात तिसऱ्या सीनला मरत होती. मला त्या दिवशी कळलं, आणि लाज वाटली.

सिनेमाची सीडी नंतर गावी गेली. मावशीनं बघितली. मी पडलो त्या सीनला ती म्हणे हळहळली, आणि एवढंच बोलली, "जेवून मेला बिचारा, बरं झालं."

हो मावशी… नागलीच्या तीन भाकरी खाऊन मेलो. त्या अख्ख्या सिनेमात मला नीट जमलेलं काम तेवढंच.