देवीचे डोळे उघडताना

नाना गेल्याची बातमी मला शाळेत, आठवीच्या चित्रकलेच्या तासाला कळली. शिपायाने दारातूनच सांगितलं आणि तो पुढच्या वर्गाकडे निघून गेला. मुलं कमळ काढत होती. मी तास पुरा केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना... धुळ्यात पांझरेकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या दगडाच्या मूर्ती घडवणारे नाना माझे कुणी नातेवाईक नव्हते. पण सन बासष्टमध्ये नोकरीसाठी इथे आलो तेव्हापासून, न सांगता जाऊन बसावं असं या गावात माझं ते एकच ठिकाण होतं.

नानांचा कारभार मोठा गमतीचा. अर्धवट मूर्तीच्या खांद्यावर ते खुशाल आपला टॉवेल वाळत घालायचे, तिच्याशी भांडायचेही. मी चिडवलं तर म्हणायचे, डोळे उघडेपर्यंत हा दगडच. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, पहाटे, उपाशीपोटी. देवाची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून समोर आरसा धरायचा आणि आपण बाजूला सरकून छिन्नी चालवायची. आरसा नेहमी त्यांच्या पत्नी, अक्का धरायच्या. तेवढं झालं की नाना हात जोडायचे आणि त्या मूर्तीला पुन्हा हात लावायचे नाहीत. आपलं नाव तर कुठेच कोरायचे नाहीत. घडवणारा दिसेनासा झाला की मगच देव दिसतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं, आणि मी त्यावर उगाच तासन्‌तास वाद घालायचो.

अक्का वारल्या तेव्हा चोपड्याकडच्या एका खेड्यासाठी देवी घडत होती. बाकी सगळं तयार, फक्त डोळे राहिलेले. गावकऱ्यांनी देऊळ बांधून ठेवलं होतं. ते एसटीने यायचे, चहा घ्यायचे आणि तसेच परत जायचे. नाना कधी मुहूर्त नाही म्हणत, कधी हात थरथरतो म्हणत. हात कसला थरथरतोय, सुपारी तर बारीक कातरत होते! शेवटी मी स्पष्टच विचारलं. त्यांनी देवीच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"डोया उघडनात ना मास्तर, का ती बठ्ठा गावनी व्हई जास," ते म्हणाले. "मंग मनाजोडे कोन राही?"

ती साऱ्या गावाची झाली तरी त्यांच्याजवळ मी होतोच की... पण ते म्हणायचा धीर झाला नाही. रिकाम्या घरात रोज संध्याकाळी ते तिच्याशीच बोलत बसत, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला गावकऱ्यांबरोबर एक म्हातारी आली. देवळात रोज दिवा लावते, पण आत कुणीच नाही, एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात मला पहाटे नानांचं बोलावणं आलं. आरसा मी धरला. आरशामागून मला नानांचा चेहरा तेवढा दिसत होता. ते रडत होते, छिन्नी मात्र जराही हलली नाही. काम संपल्यावर त्यांनी हात जोडले. देवी ट्रकमधून गेली, पण नाना तिला पोचवायला गेले नाहीत. पुढची पंधराएक वर्षं त्यांनी पाटे-वरवंटे घडवले, मूर्ती एकही नाही.

त्यांचे दिवस-कार्य आटोपल्यावर मी त्या खेड्यात गेलो. गाभाऱ्यातल्या अंधारात, समईच्या उजेडात ती थेट समोर बघत होती. देवी कुणी घडवली, असं मी तिथे बसलेल्या एका तरुण बाईला विचारलं. तिने मला वेड्यातच काढलं.

"तिले कोन घडी? आमना वावरमा आपोआप निंघेल शे ती."

नानांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. मला राग आला, आणि आनंद त्याहून जास्त झाला. देवी शेतातून आपोआप निघाली, एवढी मोठी पावती त्यांना जन्मात कुणी दिली नव्हती. कधी एकदा परत जाऊन हे नानांना सांगतो, असं मला झालं... भराभर चालत मी रस्त्यावर आलो, एसटीला हात केला, आत चढलो. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, आणि मला धुळे म्हणवेना.