स्वयंपाकघरात ऊन येते का

त्या वर्षी एकतीस डिसेंबरला, शनिवारी दुपारी, एका अनोळखी बाईने दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन स्वयंपाकघराचा ओटा वितीने मोजला. वडील भाजी आणायला गेले होते. आई आणि मी घरात होतो.

बाईने कढीपत्ता मागायला म्हणून दार वाजवले होते. मराठी आणि तमिळ घरांच्या बाल्कनीत कढीपत्ता असतो हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे मागण्यात नवल नव्हते. पण डहाळी हातात पडल्यावरही ती निघेना.

"भाभीजी, रसोई में धूप आती है?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता ती आत गेली. ओट्यावर वीत टेकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नळ सोडून पाहिला. मग छतावरच्या ओलीच्या डागाकडे बघत म्हणाली, "यह सीलन हर साल की है?"

"आप किस ब्लॉक में रहती हैं?" आईने विचारले.

"बस, पास ही में," ती म्हणाली आणि गेली. कढीपत्ता ओट्यावरच राहिला.

सरकारी वसाहतीत अशा भेटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. एखादे घर रिकामे होणार अशी कुणकुण लागली, की त्यावर डोळा असलेली माणसे काहीतरी निमित्त काढून ते पाहून जात. हे घर मिळण्याआधी आईसुद्धा साखर मागायला म्हणून इथे येऊन गेली होती. घर रिकामे होण्याची दोनच कारणे आम्हाला माहीत होती: निवृत्ती आणि बदली. वडिलांच्या निवृत्तीला बरीच वर्षे होती.

"तुला काही बोललेत का?" आईने मला विचारले. मी नाही म्हटले. माझी खात्री पटली की ती मला खोटारडी समजते आहे, कारण तिने तोच प्रश्न पोळ्या करताना पुन्हा विचारला.

आईला जुलैमध्ये कॉलनीजवळच्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची हंगामी जागा मिळाली होती. मुख्याध्यापिका जानेवारीत तिचे नाव वर पाठवणार होत्या आणि एप्रिलपासून ती कायम होणार होती. याआधी नागपूर, भोपाळ आणि कलकत्ता या तिन्ही ठिकाणी वडिलांच्या बदलीमुळे तिने नोकरी सोडली होती. कलकत्त्याला तर परीक्षेच्या तोंडावर. तिथल्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, "तुम्ही सेंट्रल गव्हर्नमेंटच्या बायका. तुम्हाला नोकरी देणं म्हणजे पाहुणीला किल्ल्या देणं." हे वाक्य ती आम्हाला जेवताना, बसमध्ये, कुठेही ऐकवत असे.

त्या दुपारनंतर घरातल्या जुन्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. न्हाणीघरातला नळ ऑक्टोबरपासून गळत होता. कॉलनीतल्या दुरुस्तीच्या कार्यालयाला सगळे इन्क्वायरी म्हणत. एरवी वडील आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन भांडत. या खेपेला ते "राहू दे" म्हणाले होते. दिवाळीला रंग लावू म्हटले तेव्हाही "राहू दे". बदल्यांमध्ये वापरलेली लाकडी खोकी बैठकीत एकावर एक ठेवून आईने त्यांवर चादर घातली होती. डिसेंबरमध्ये एकदा वडील चादर वर करून खिळे हलवून पाहत असताना मी त्यांना पाहिले होते. मी हे आईला सांगितले. सांगायला नको होते, असे तिचा चेहरा पाहून वाटले.

सरळ त्यांनाच का विचारले नाही, असे पुढे अनेकांनी मला विचारले आहे. आमच्या घरात वडिलांना ऑफिसचे विचारत नसत. भोपाळला असताना पुण्याची बदली झाल्याचे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. आईने पुण्यात बहिणीला कळवले, बहिणीने शेजारची खोली बोलून ठेवली, आणि ऑर्डर निघालीच नाही. तेव्हापासून त्यांचे ठरले होते: कागद हातात आल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, रविवार होता. ब्लॉकमागच्या हिरवळीवर उन्हात चटया टाकून आम्ही आणि तळमजल्यावरच्या वऱ्हाडातल्या काका-काकू मटार सोलायला बसलो. हे दरवर्षीचे होते. सोलता सोलता प्रत्येकाने सरल्या वर्षाने काय दिले ते सांगायचे आणि नव्याकडे काय मागायचे ते सांगायचे, हा नियम काकूंचा. "सगळं ठीक" म्हणायला बंदी होती.

काका म्हणाले, गेल्या वर्षी त्यांना चष्मा मिळाला, आणि नव्या वर्षात जे दिसते आहे ते कमी दिसावे.

"म्हणजे मी," काकू म्हणाल्या. "चला वहिनी, तुम्ही."

"गेल्या वर्षी शाळा मिळाली," आई म्हणाली. ती शेंगेकडे नव्हे, वडिलांकडे पाहत होती. "या वर्षी एप्रिलमध्ये मी त्याच शाळेत असावं. एवढंच."

"बिल्कुल असणार," काकू म्हणाल्या. "भाऊजी, तुमचं?"

"गेल्या वर्षी कूलरचा पंप बदलला," वडील म्हणाले.

"आणि नव्या वर्षात?"

"बघू."

"अहो, बघू ही इच्छा नाही. हे सरकारी उत्तर झालं!"

सगळे हसले. वडीलही हसले. आई हसली नाही. तिने सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि ते परत वेचत बसली.

थंडीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी आई मुख्याध्यापिकांना भेटली आणि आपले नाव पाठवू नका, असे सांगून आली. आपली बदली होणार आहे. कायम होऊन दोन महिन्यांत सोडून जाणे बरे दिसणार नाही. दुसरी हंगामी शिक्षिका वाट पाहते आहे, तिचे नाव पाठवा. या वेळी पाहुणीचा शब्द ऐकून घ्यायचा नव्हता, असे तिने मला नंतर सांगितले. हे सगळे आईकडून कळलेले आहे. मुख्याध्यापिकांची बाजू मी ऐकलेली नाही. वडिलांना तिने त्या दिवशी काही सांगितले नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी वडील मिठाईचा डबा घेऊन घरी आले. स्वेटर न काढता त्यांनी खिशातून कागद काढला आणि आईपुढे धरला.

"वाच."

"कुठली?" आईने कागद हातात न घेता विचारले.

"काय कुठली?"

"बदली."

"बदली कसली, यार! घर मिळालंय. वरच्या श्रेणीचं. एक खोली जास्त. वह्या तपासायला तुला टेबल टाकता येईल." नवे क्वार्टर आर. के. पुरममध्येच, दुसऱ्या सेक्टरमध्ये होते. "दोन ठिकाणं देत होते. हे मी मुद्दाम घेतलं. तुझ्या शाळेची भिंत दिसते बाल्कनीतून."

आईने कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"मग ती बाई?"

"कोण बाई?"

आईने सांगितले. वडिलांना आठवले. ऑफिसच्याच इमारतीत बसणाऱ्या एका सहकाऱ्याला क्वार्टरच्या यादीत त्यांचे नाव वर आल्याचे दिसले होते. त्याची बायको असणार.

"मला सांगायचं होतंत," आई म्हणाली.

"ऑर्डर निघाली नव्हती."

"मी नाव मागे घेतलंय."

वडिलांनी विचारले, "कसलं नाव?" आणि मग त्यांना कळले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता ते तिच्याबरोबर शाळेत गेले. दुसऱ्या शिक्षिकेचे नाव पाठवून झाले होते.

मार्चमध्ये आम्ही घर बदलले. खोकी हातगाडीवरून गेली. जुन्या घरात ती बाई राहायला आली. एप्रिलमध्ये शाळेने दुसऱ्या शिक्षिकेला कायम केले आणि आईची हंगामी जागा संपली. नव्या घरातल्या जास्तीच्या खोलीत टेबल टाकले होते. त्यावर मी अभ्यास करत असे.

पुढच्या एक जानेवारीला काका-काकू चालत आमच्याकडे आले. मटार बाल्कनीत सोलले. आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, गेल्या वर्षी एक खोली मिळाली. नव्या वर्षाचे तिने काही मागितले नाही. काकूंनीही आग्रह केला नाही.

"भाऊजी?"

"हिला शाळा मिळावी," वडील म्हणाले.

शाळा त्या वर्षी मिळाली नाही. त्यानंतरच्या जुलैमध्ये मिळाली, यमुनेपलीकडे मयूर विहारला. जायला दोन बस बदलाव्या लागत.